बिनपाण्याचा केक

केकमध्ये लोणी घालायचं, वनस्पती तूप घालायचं की तेल, एवढ्या एका प्रश्नावरून माणसांशी बोलणं टाकणारी बाई मी मेडशीत पाहिली. सत्तरच्या दशकातली मेडशी म्हणतेय मी, वाशीम जिल्हा व्हायच्या कितीतरी आधीची. तेव्हा तिथं पाव आणायचा तो फक्त आजाऱ्यासाठी, चहात बुडवून द्यायला. दारात पावाचा कागद दिसला की शेजारीण विचारायची, कोणाले ताप आला वो? अशा गावात या बाई केक करायच्या, आणि वर तो कसा झाला हे खरं सांगा म्हणायच्या. खरं सांगितलं की भांडायच्या.

बाई म्हणजे सरकारी उपकेंद्राच्या नर्सबाई. मी शाळेत नवी लागलेली मास्तरीण, अकोल्याची. एकट्या पोरीला गावात कोणी खोली देईना, तर बाईंनी आपल्या क्वार्टरची पुढची खोली मला देऊन टाकली. भाड्याचं विचारलं तर म्हणाल्या, "अंडी फेटता येते का?" मी नाही म्हटलं. "मंग शिक," म्हणाल्या, आणि माझी ट्रंक स्वतः उचलून आत नेली. पुढची काही वर्षं माझ्या उजव्या दंडात जे बळ होतं ते त्या फेटण्याचं. शाळेतली पोरं उगाच नव्हती मला भीत.

उंच, काळ्यासावळ्या, चाळिशीच्या. पांढरं पातळ, छातीवर पिनेनं अडकवलेलं घड्याळ, पायात पुरुषी चपला. चालायच्या अशा की रस्त्यातली कुत्री उठून बाजूला व्हायची. बाई बौद्ध. छप्पन साली नागपूरला धर्म बदलला तेव्हा नर्सिंग शिकत होत्या, आणि एक दिवसाची सुट्टी मागितली तर मेट्रन नाही म्हणाली म्हणून न विचारता गेल्या होत्या. हे त्या अशा ऐटीत सांगायच्या की वाटावं, धर्म बदलण्यापेक्षा मेट्रनला न विचारणं हेच मोठं काम होतं.

त्यांचं एक खूळ गावाला कधीच पचलं नाही. कोणाच्याही घरात शिरल्या की आधी उंबऱ्यावरून हुकूम सुटायचा, हात धुतल्याशिवाय मले कोनी शिवाचं नाही. पिशवीतून कार्बोलिकचा लाल साबण निघायचा आणि सगळ्या घराला रांगेनं मोरीवर उभं राहावं लागायचं. ज्यांच्या सात पिढ्यांनी बाईंच्या सात पिढ्यांना 'लांब सर' म्हटलेलं, ती माणसं मुकाट्यानं हात चोळत उभी असायची, आणि बाई नखं तपासायच्या. एकदा पाटलांनाच परत पाठवलं त्यांनी. मालक, नखात तंबाखू हाय, म्हणाल्या. पाटील गेले परत, धुऊन आले. बिचाऱ्यांच्या सुनेला कळा सुटल्या होत्या, करतात काय.

आणि तरी, बाळंतपण आटोपलं, बारसं झालं की बाईंना चहा मिळायचा तो कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या कपात. बाईंनी त्यावर उपाय काढलेला. पिशवीत स्वतःचा स्टीलचा मग ठेवायच्या आणि तो पुढं करून म्हणायच्या, यात घाला, तुमचा कप मले चालत नाही. घरवाले ओशाळायचे. मला मात्र फार हसू यायचं.

आता केकचं. नर्सिंग शिकताना मिशनच्या दवाखान्यात एक गोरी मॅडम होती, तिनं बाईंना केक शिकवला. मॅडमच्या पद्धतीत मार्गारीन लागायचं, लोण्यासारखी दिसणारी तेलाची वडी. मेडशीत मार्गारीन म्हटलं तर लोकांना ते बाटलेल्या बाईचं नाव वाटलं असतं. बाईंच्या एका मैत्रिणीनं एकदा नागपूरहून वडी आणली. उन्हाळ्याचे दिवस, एसटीची गाडी, इंजिनाजवळची सीट. मेडशीला उतरली तेव्हा वडी नव्हती, मैत्रिणीच्या पिशवीतून पिवळं तेल गळत होतं आणि त्याला डिझेलचा वास होता. बाईंनी पिशवी पिळून त्याचा केक केला. खाल्ला आम्ही. अजून ढेकर आली की मला एसटी स्टँड आठवतं.

मग सुरू झाली ती शोधाशोध, की मार्गारीनच्या जागी घालायचं काय. एखादी दुसरी असती तर एकदा करून पाहिलं असतं आणि सोडून दिलं असतं. बाईंनी तीन केक एकाच दिवशी केले. एक लोण्याचा, एक वनस्पती तुपाचा, एक शेंगदाण्याच्या तेलाचा. भट्टी म्हणजे काय तर कोळशाची शेगडी, वर मोठं जर्मनचं पातेलं, त्यात नदीची चाळलेली वाळू, वाळूत दूध-पावडरचा रिकामा डबा कापून केलेलं भांडं, आणि झाकणावर निखारे. झाला की नाही हे बघायला सुई खुपसतात, तर बाई म्हणायच्या, सुई कायले, उगाच पोट फाडायचं. गरोदर बायकांच्या पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकायचा तो लाकडी भोंगा त्या डब्याला लावायच्या, डोळे मिटून ऐकायच्या. आत चुरचुर ऐकू येतेय म्हणजे कच्चा. गप झाला की उतरवायचा. आता हसा, पण केक कधी कच्चा राहिला नाही. फक्त एकदा पोट तपासून घ्यायला आलेली एक गरोदर बाई ते दृश्य पाहून दारातूनच परत गेली.

तिन्ही केक शाळेत वाटले. हेडमास्तरांना वनस्पतीचा आवडला, कारण तो सगळ्यात जास्त फुगला होता आणि त्यांना फुगलेलं काहीही आवडायचं. बाई म्हणाल्या, वनस्पती म्हंजे जावई हाय, फुगते लय अन् मंग टाळूले चिकटून बसते. लोण्याच्या केकला वास असा सुटला होता की गल्लीतली पोरं गोळा झाली, पण घरचं लोणी आंबूस, त्यात ताक राहिलेलं, केक दाबून बसला. आणि तेलाचा? तेलाचा दिसायला गरीब, वास नाही, रुबाब नाही. पण चार दिवसांनी बाकीचे दोन वाळून ठणठणीत झाले तेव्हा हा तसाच मऊ. झालं. बाईंनी तेलाचा पक्ष घेतला तो घेतलाच. आणि त्यातही, तेल असलं की दुधापेक्षा पाणी बरं, असा त्यांचा शोध. तेल, पाणी, साखर, मैदा, सोडा, वर लिंबू. अंडंसुद्धा नको, फेटणं मात्र तेवढंच. दूध घातलं की जड होते, म्हणायच्या, पान्यानं जीव हलका राहते.

तेलाच्या या भक्तीपायी एकदा शेंगदाण्याचं मिळेना तर जवसाचं घातलं. तेल पाजलेली क्रिकेटची बॅट चावल्यासारखा लागत होता केक. हेडमास्तर म्हणाले, छान आहे. त्या दिवसापासून बाई त्यांच्याशी केकविषयी बोलल्या नाहीत. खोटं बोलणारा माणूस, म्हणायच्या, याच्या हाती पोरं कशी देली सरकारनं.

या पाण्याचीच पुढं सगळी गोष्ट झाली, म्हणून आधी माझ्या आईचं सांगते. आई मला भेटायला आली. आमचं घर कुणब्याचं, बऱ्यापैकी शेती, बऱ्यापैकी सोवळं. बाईंनी चहा टाकला तर आई गोड आवाजात म्हणाली, "नुसत्या दुधाचाच करा बरं, मले पान्याचा पचत नाही." मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं. दुधाला विटाळ नसतो, पाण्याला असतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. दशमी म्हणून तर करतात ना प्रवासाला? कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवायची की झाली ती पवित्र, कुठंही खा, कोणाच्या ओसरीवर बसून खा. बाईंनी दुधाचा चहा केला, आईला दिला, आई प्यायली. ती गेल्यावर बाई म्हणाल्या, "पान्यानं बाटते, दुधानं नाही. काहून, तं म्हशीले जात नसते म्हनून. अन् गवळी त्या दुधात पानी घालते ते कोनाचं घालते, हे कोनी पुसत नाही." आणि पदरानं तोंड दाबून इतक्या हसल्या की त्यांचं घड्याळ हलत होतं. मला वाटलं, यांना काही लागत नाही. लागत होतं.

पाटलांच्या सुनेचं बाळंतपण बाईंनीच केलं होतं. मूल पायाळू. सकाळपासून दिवस कलेपर्यंत चाललं होतं, घरातल्या बायका दाराबाहेर देव आळवत बसलेल्या. सुनेच्या जिभेला कोरड पडली तेव्हा बाईंनी आपल्या बाटलीतलं पाणी चमच्या-चमच्यानं तिच्या तोंडात घातलं. मूल जगलं, आई जगली. पाटलांनी बाईंना लुगडं नेसवलं, आणि चहा दिला कोनाड्यातल्या कपात. बाईंनी आपला स्टीलचा मग पुढं केला.

त्या पोराचा पहिला वाढदिवस आला. सून नागपूरची, तिला केक पाहिजे. तिनं सासूजवळ हट्ट कसा धरला माहीत नाही, पण पाटलीनबाई स्वतः आमच्या क्वार्टरच्या अंगणात आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, नाकात भली मोठी नथ, आवाज असा की शेतातला सालदार घरून बोलावता यावा. बाज टाकली तरी बसल्या नाहीत. म्हणाल्या, किन्हीराजाचे, शिरपूरचे पाव्हणे येणार, सगळ्यांनी खाल्लं पाहिजे. म्हणून लोणी आमच्या म्हशीचं, दूध आमचं, साखर आमची. पाण्याचा थेंब नको. दशमीसारखं होईल, मग कोणाच्याही हातचं असलं तरी चालतं. लोण्याचं गाडगं सोबत आणलंच होतं, ते त्यांनी ओट्यावर ठेवलं. सांगताना चेहऱ्यावर इतकी माया होती की काय सांगू. ती बाई खरोखर आमच्या बाईंचं भलं करायला आली होती. सगळ्या सोयऱ्यांनी नर्सबाईच्या हातचं खावं म्हणून वाट काढून आली होती बिचारी.

बाई एवढंच म्हणाल्या, "केक करून देते. कसा कराचा ते मी पाह्यते."

मला तो सूर माहीत होता. पाटलीनबाई फाटकाबाहेर जाताच मी सुरू झाले. म्हटलं, बाई, घाला ना लोणी, तुमचं काय जातं? दूधही घाला. पाटील पंचायत समितीत आहेत, त्यांनी एक बोट हलवलं तर तुमची बदली कुठल्या कुठं होईल. आणि ही भीती मी उगाच घालत नव्हते. बाईंचे वडील किन्हीराजाला अंथरुणाला खिळलेले. दर रविवारी बाई एसटीनं जायच्या, त्यांना आंघोळ घालायच्या, दाढी करायच्या, आठवड्याचं सगळं लावून परत यायच्या. बदली लांब झाली असती तर त्या म्हाताऱ्याला बघणारं दुसरं कोणी नव्हतं. पाच बदल्या झाल्यावर वशिला न लावता मेडशी मिळाली होती, ती त्यांना प्राणापलीकडं होती.

बाई मैदा चाळत होत्या. चाळणी थांबली.

"मास्तरीन, लोन्याचं भांडन नाही वो," म्हणाल्या. "त्या पोरीच्या तोंडात मी पानी घातलं तवा कोनाले काही वाटलं नाही. काहून, तं बाळंतपनाचा विटाळच होता, त्यात काहीबी चालते. आता सनाचा दिवस हाय तं नाही चालत. म्हंजे माह्यं पानी फक्त घानीत चालते."

 मी लिंबं पिळायला घेतली.

वाढदिवसाला पाटलांच्या ओसरीवर ही गर्दी. सतरंज्या टाकलेल्या, आत्या, मावश्या, मामे, कोपऱ्यात बाजेवर पाटील. पोराला मखमलीचं झबलं, डोळ्यांत काजळ, गालावर तीट. मधे पाटावर परात, परातीत बाईंचा केक, वरून पिठीसाखर भुरभुरलेली. मी बाईंच्या शेजारी उभी. बाईंच्या एका हातात सुरी, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. पाटलीनबाईंनी आपल्या त्या खणखणीत आवाजात सगळ्या सोयऱ्यांना सांगितलं, मनात काही आणू नका, पाण्याचा थेंब नाही याच्यात, लोणी-दूध सगळं आपल्या घरचं.

बाईंनी फडकं सोडलं. आतून गाडगं काढलं आणि पाटलीनबाईंच्या पायाशी ठेवलं.

"हे तुमचं लोनी, जसंच्या तसं," बाई म्हणाल्या. "केकात तेल हाय, अन् पानी हाय. पानी माह्या घरच्या मडक्यातलं. खाचं असन तं खा, नसन तं माह्या मनात राग नाही. पन माहीत असून खा."

 किन्हीराजाच्या आत्याला एकदम आठवलं की आज तिचा उपास आहे. तिच्यामागोमाग दोघीतिघींना उपास आठवले, इतके उपास एका दिवशी मी नवरात्रातही पाहिले नाहीत. पाटील बाजेवरून उठले. आवाज न चढवता म्हणाले, "नर्सबाई, बदलीचा अर्ज तुमी करता का आमी करू?" आणि आत निघून गेले. त्यांनी तो केक खाल्ला नाही, पुढंही कधी खाल्ला नाही, हे आत्ताच सांगून टाकते.

बाईंनी सुरी खाली केली.  त्या किन्हीराजाला अंथरुणावर पडलेल्या आपल्या वडिलांचा विचार करत होत्या, मला पक्कं माहीत आहे. मला वाटलं, गेलं सगळं, एका वाटीभर पाण्यापायी.

तेवढ्यात सुनेनं पोराला पाटाजवळ खाली सोडलं. नंतर पाव्हणे म्हणत होते, पोर हातातून निसटलं. मी समोर उभी होते. निसटलं नव्हतं. तिनं त्याला नीट बसवलं, झबलं सारखं केलं, आणि हात काढून घेतला.

पोरानं काय करायचं तेच केलं. दोन्ही मुठी केकमध्ये घातल्या आणि भरलेल्या मुठी तोंडात कोंबल्या. पिठीसाखर काजळाला लागली, गालावरची तीट पुसली, आणि ते असं खूश झालं की नाकानं आवाज काढायला लागलं. एक मावशी ओरडली, त्याले चूळ भरवा. एक वर्षाच्या पोरानं चूळ भरलेली कोणी पाहिलीय का? दुसरी म्हणाली, तोंडात बोट घालून काढा. तिनं हात पुढं केला तेव्हा बाईंच्या तोंडून सवयीनं गेलं, आधी हात धुवा. त्या तशा प्रसंगात. मी ओठ चावून धरला.

पाटलीनबाईंनी मावशीचा हात बाजूला केला. त्यांनी नातवाकडं बघितलं, मग सुनेकडं. सून खाली बघत नव्हती. सरळ सासूच्या डोळ्यांत बघत होती.

"राहू द्या," पाटलीनबाई म्हणाल्या. "हे अन् याची माय, दोघंबी तिच्याच पान्यावर जगले. आता कोनाकोनाले धुता."

आणि खाली बसल्या. नथ एका हातानं वर धरली, नातवानं उकरलेल्या बाजूनंच एक तुकडा मोडला आणि तोंडात घातला. सगळी ओसरी त्यांच्या जबड्याकडं बघत होती. चावलं, गिळलं, जीभ टाळूवर फिरवून पाहिली.

"वास नाही याले," म्हणाल्या. "लोनी पायजे होतं."

मी डोळेच मिटले. तेलाच्या केकला नावं ठेवणाऱ्याची बाई काय गत करत ते मला माहीत होतं. पण काही ऐकू येईना. डोळे उघडले तर बाई पाटलीनबाईंच्या समोर जमिनीवर बसलेल्या, सुरी परातीत टाकलेली, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेही त्या पुसत नव्हत्या. ते लोण्याचं गाडगं त्यांनी पुन्हा आपल्याकडं ओढून घेतलं.

"पुढच्या साली लोनी घालते तुमचं," बाई म्हणाल्या. "पानी माह्यंच राहीन."

पाटलीनबाईंनी दुसरा तुकडा मोडला.